नागोठण्याच्या अलीकडे, नागोठण्याच्या पलीकडे

शुक्रवारी रात्री अकराला फोन वाजला की समजावं, एक तर प्रॉडक्शन सर्व्हर झोपलाय, नाहीतर अमेरिकेतल्या मित्राला आपली आठवण झालीय. या वेळी दुसरं कारण निघालं. मित्र मूळचा रोह्याचा, त्याच्या बायकोचं माहेर पेणचं. दोघंही न्यू जर्सीत, दोघंही आपल्याच धंद्यातली, एच-वन-बी व्हिसावर. तीन वर्षांपूर्वी तिचं मोठं ऑपरेशन झालं आणि गर्भपिशवी काढावी लागली. आता स्वतःचं मूल हवं असेल तर सरोगसी हाच रस्ता. आणि रोह्याला असलेली वहिनी, म्हणजे त्याच्या सख्ख्या मोठ्या भावाची बायको, कोणी न विचारता म्हणाली होती, "भाऊजी, मी आहे ना."

"तू इतिहासबितिहास वाचत असतोस," मित्र म्हणाला. "सांग, हे रोह्यात जमेल की इथेच बघावं लागेल? इथे तर नदी ओलांडली की कायदा बदलतो रे!"

मी म्हटलं, "बाबा रे, तुझ्या गावाकडे खाडी ओलांडली तरी बदलायचा." तो हसला. मी मात्र ते गमतीत म्हटलं नव्हतं. मग तो शनिवार-रविवार जुनी पुस्तकं आणि निकाल उपसण्यात गेला, त्यातून हा लेख. (मी वकील नाही. कोड लिहून पोट भरतो. तेव्हा याला कायदेशीर सल्ला समजू नये ही नम्र विनंती.)

तर मंडळी, दिवा-रोहा गाडीत बसा. पेण गेलं की कासू, मग नागोठणे, मग रोहा. खिडकीतून आधी खाजणं दिसतात, मग भातशेती, मग डोंगर जवळ येतात. आज हा सगळा एकच रायगड जिल्हा. (१९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा, आमच्या आजोबांच्या तोंडी शेवटपर्यंत कुलाबाच.) पण दोनशे वर्षं मागे जा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि पेण-रोहा हा मुलूख कंपनी सरकारकडे आला. पश्चिमेला अलिबाग, ते आंग्र्यांचं. दक्षिणेला मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन, ते जंजिऱ्याच्या सिद्दीचं. पूर्वेला पाली-सुधागड, ते भोरच्या पंत सचिवांचं. रोह्याचा माणूस मुलीला स्थळ बघायला निघाला तर कुठल्याही दिशेला दिवसभराच्या चालीत दुसऱ्याचं राज्य लागायचं.

त्या काळी मूल झालं नाही तर रस्ते दोनच. दुसरी बायको, नाहीतर दत्तक. वैद्यकाकडून फार आशा नव्हती, नवस होते. दत्तक हा काही केवळ मायेचा मामला नव्हता. पिंड कोण देणार, घर-जमीन-वतन कोणाकडे जाणार, हे सगळं त्यावर लटकलेलं. त्यामुळे दत्तक कोणाला घेता येतो, कोणी घ्यायचा, कोणाची परवानगी लागते, हे प्रश्न सरकारदरबारी जायचे. आणि तिथे गंमत अशी की उत्तर तुम्ही कोण आहात यापेक्षा तुम्ही कुठे आहात यावर ठरायचं.

याचं पहिलं ठळक उदाहरण अलिबागचंच आहे. १८२२ च्या तहाने आंग्रे इंग्रजांचे मांडलिक झाले होते. १८३८ च्या अखेरीस रघुजी आंग्रे वारले. मूलबाळ नव्हतं, पण राणी गरोदर होती. पुढच्या वर्षी मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं कान्होजी, त्या थोरल्या कान्होजीवरून ज्याने अरबी समुद्रावर भल्याभल्यांना घाम फोडला होता. हा धाकटा कान्होजी वर्षसुद्धा जगला नाही. मग दत्तक घेऊ द्या म्हणून राजघराण्यातून अर्ज गेला. सरकारने नाकारला. १८४० मध्ये कुलाबा संस्थान खालसा झालं.

शाळेत आपण दत्तक नामंजूर म्हटलं की डलहौसी शिकतो. पण डलहौसी हिंदुस्थानात आला १८४८ मध्ये. म्हणजे सातारा, झाशी, नागपूर यांच्या कितीतरी आधी हा प्रयोग आपल्या अलिबागला होऊन गेला होता. बेटा व्हर्जन म्हणा हवं तर. धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक चालतो, हे सरकारला माहीत होतं, ते नाकारतही नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच की घरची मालमत्ता दत्तकाला जाऊ दे, राज्य आमच्या मंजुरीशिवाय जाणार नाही. म्हणजे मूल तुमचंच, फक्त ते कोणाचा वारस हे आम्ही ठरवू. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. एप्रिल १८४८ मध्ये साताऱ्याच्या शहाजीराजांनी मरणशय्येवर दत्तक घेतला, तो नामंजूर. नानासाहेब पेशवे, ज्यांचं मूळ घर कर्जतजवळच्या वेणगावचं (म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातलंच), त्यांना बाजीरावांनी १८२७ मध्ये दत्तक घेतलेलं. १८५१ मध्ये बाजीराव वारले आणि आठ लाखांचा तनखा बंद झाला. दत्तकपुत्र म्हणून मालमत्ता मिळाली, तनखा नाही. मग १८५७. त्यानंतर सरकारला शहाणपण आलं आणि १८६२ मध्ये कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. हिंदू संस्थानिकाने धर्मशास्त्राप्रमाणे घेतलेला दत्तक यापुढे मान्य. मुसलमान संस्थानिकांना त्यांच्या धर्मकायद्याप्रमाणे वारस. आंग्र्यांना याचा काय उपयोग? बावीस वर्षं उशीर झाला होता.

ही झाली राजेरजवाड्यांची गोष्ट. पेणच्या एखाद्या विधवा बाईचं काय? मला तर हा भाग जास्त रंजक वाटतो.

वसिष्ठाचं एक जुनं वचन आहे. त्याचा आशय असा की नवऱ्याच्या अनुमतीशिवाय स्त्रीने पुत्र देऊ नये आणि घेऊ नये. वचन एकच. आता नवराच मेला असेल तर अनुमती कुठून आणायची? १८६८ मध्ये मदुरेच्या कलेक्टरचा एक दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला आणि तिथल्या न्यायाधीशांनी हिंदुस्थानभरचे अर्थ एका जागी मांडले. मिथिलेचे पंडित म्हणतात, अनुमती दत्तकाच्या वेळीच हवी, नवरा तर नाही, म्हणून विधवेला दत्तक घेताच येणार नाही. बंगालचे म्हणतात, नवऱ्याने जिवंतपणी सांगून ठेवलं असेल तर चालेल. मद्रासेकडे म्हणतात, नवऱ्याने नसेल सांगितलं तर सासरच्या सपिंडांची संमती पुरे. आणि आपल्याकडे, महाराष्ट्रात? नवऱ्याने स्पष्ट मनाई केली नसेल तर त्याची अनुमती आहे असंच धरायचं. बाई स्वतः दत्तक घेऊ शकते.

एक स्पेसिफिकेशन, चार इम्प्लिमेंटेशन्स. आणि चारही 'स्पेकप्रमाणेच' आहेत असा प्रत्येकाचा दावा. ज्यांनी चार ब्राउझरमध्ये एकच पान चालवायचा प्रयत्न केलाय त्यांना माझं दुःख कळेल :)

म्हणजे पेणच्या विधवेला जे करता येत होतं ते दरभंग्याच्या विधवेला करता येत नव्हतं. आता यावरून आपली पाठ थोपटून घ्यायला नको. कारण दत्तक घेतला की नवऱ्याची मिळकत त्या मुलाकडे जायची आणि बाईकडे उरायची फक्त पोटगी. आपल्या हाताने आपलं घर दुसऱ्याच्या नावावर करायचं, मग भले तो दुसरा आपला मुलगा म्हणून आलेला असो. शिवाय एकत्र कुटुंब असेल तर दिरांची संमती लागेल, अशी मेख १८७९ मध्ये मुंबई हायकोर्टाने मारून ठेवली. ती निघाली १९२१ आणि १९३२ च्या प्रिव्ही कौन्सिलच्या निकालांनी.

आणि दत्तक मागच्या तारखेने लागू व्हायचा! नवरा १९०० मध्ये वारला आणि बाईने १९३० मध्ये दत्तक घेतला, तर कायद्याच्या दृष्टीने तो मुलगा १९०० पासून हजर. मधल्या तीस वर्षांत दिरांनी केलेल्या वाटण्यांना सुरुंग. भाऊबंदकी हा आपल्याकडचा राष्ट्रीय खेळ, त्याला हे असलं मैदान मिळालं. कोकणातल्या किती घरांची भातखाचरं यावरून वकिलांच्या घशात गेली असतील, देव जाणे.

आता तुम्हाला नागोठण्याचं सांगतो, ज्याच्यासाठी लेखाला हे नाव दिलं.

वारसाच्या बाबतीत महाराष्ट्रात दोन ग्रंथ मानले जात. एक 'मिताक्षरा', दुसरा नीलकंठ भट्टाचा 'व्यवहारमयूख'. नीलकंठ सतराव्या शतकातला, काशीत राहणारा, घराणं मूळचं पैठणचं. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण इथे मयूखाचं वजन जास्त, बाकी ठिकाणी मिताक्षरेचं. मग प्रश्न आला की उत्तर कोकण संपतं कुठे? १९१६ मध्ये महाडच्या एका दाव्यात मुंबई हायकोर्टासमोर हाच मुद्दा होता. कोर्टाने म्हटलं की मयूखाचं वर्चस्व फार तर चौल आणि नागोठण्यापर्यंत नेता येईल, त्याच्या दक्षिणेला नाही. महाडला मिताक्षराच.

यात फरक काय पडतो? लग्न न झालेला, कमावता मुलगा बिनवारस वारला असं समजा. मयूखाप्रमाणे त्याचा वारस आधी बाप. मिताक्षरेप्रमाणे आधी आई. म्हणजे त्या रेषेच्या हिशेबाने पेणची आई बापाच्या मागे उभी आणि रोह्याची आई बापाच्या पुढे. मधलं अंतर मेमू गाडीने तासाभरापेक्षाही कमी. मी त्या मार्गावरून शंभर वेळा गेलो असेन. नागोठण्याला वडे घ्यायचे एवढंच डोक्यात.

(जाता जाता गोव्याचं. पोर्तुगीज सरकारने १८८० मध्ये तिथल्या हिंदूंच्या रूढी कायद्यात बसवल्या. बायकोला पंचविशीपर्यंत मूलच झालं नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, तर तिच्या संमतीने नवऱ्याला दुसरं लग्न करता येईल. इकडे मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदूंचं दुसरं लग्न बेकायदा ठरवलं. म्हणजे बांद्याच्या अलीकडे गुन्हा, पलीकडे सोय. संमती कशी मिळवत असतील ते मी लिहायची गरज नाही.)

डिसेंबर १९५६ मध्ये हिंदू दत्तक कायदा आला आणि हे सगळे ग्रंथ एका फटक्यात माळ्यावर गेले. मिथिला, बंगाल, मद्रास, नागोठणे, सगळीकडे एकच नियम. विधवा दत्तक घेऊ शकते, अविवाहित बाईही घेऊ शकते, आणि मुख्य म्हणजे मुलगी दत्तक घेता येते. मागच्या तारखेची भानगड बंद, आधी मालमत्ता ज्याच्याकडे गेली ती त्याच्याकडेच. फक्त हे हिंदूंपुरतं. (बौद्ध, जैन, शीख त्यातच धरलेले.) मुरुडच्या मुसलमान जोडप्याला किंवा रेवदंडा-कोर्लईच्या ख्रिस्ती जोडप्याला पालकत्व मिळायचं, दत्तक नाही. त्यांना ते दार किशोर न्याय कायद्याने उघडलं आणि २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हो, कोणत्याही धर्माच्या माणसाला या कायद्याखाली दत्तक घेता येईल. म्हणजे रेषा गावांमधून निघाली आणि घरांमधून गेली, ती पुसायला आणखी पन्नास-साठ वर्षं.

बरं, आता सरोगसी.

६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून हर्षा जन्मली. टेस्ट ट्यूब बेबी हा शब्द आपल्या घरात शिरला तो तेव्हा. (कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्येच हे केलं होतं, त्यांना जिवंतपणी मान मिळाला नाही, ती गोष्ट वेगळी आणि फार वाईट आहे.) गर्भ शरीराबाहेर तयार करता येतो म्हटल्यावर तो दुसऱ्या कोणाच्या शरीरात वाढवता येतो, हे ओघानेच आलं. विज्ञान पोचलं, कायदा मात्र नव्हता. २००५ मध्ये आयसीएमआरने मार्गदर्शक सूचना काढल्या, पण सूचना म्हणजे सूचना. मोडल्या तर कोण काय करणार?

आणि कायदा नसणं हाही एक कायदाच असतो. जर्मनीत बंदी, फ्रान्समध्ये बंदी, इंग्लंडमध्ये पैसे देऊन करायला बंदी, कॅलिफोर्नियात चालतं पण खर्च आभाळाला. मग लोक निघाले तिथे, जिथे कोणी अडवत नव्हतं. गुजरातमधलं आणंद आणि आपली मुंबई जगाच्या नकाशावर आली. आपण आयटीवाले आउटसोर्सिंगवर गप्पा मारत होतो तेव्हा शेजारीच हे दुसरं आउटसोर्सिंग चाललं होतं. त्यात नऊ महिने कोणाचे जात होते आणि तिच्या हातात किती पडत होते, हे फार थोड्यांनी विचारलं.

अडकायला लागलं ते परत जाताना. २००८ च्या जुलैत आणंदला एक मुलगी जन्मली. आईबाप व्हायला निघालेलं जपानी जोडपं तिच्या जन्माआधी महिनाभर घटस्फोट घेऊन मोकळं झालं होतं. बापाला मूल हवं होतं, पण एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घ्यायला आपला कायदा परवानगी देत नव्हता आणि जपान आपलं नागरिक मानायला तयार नव्हतं. शेवटी जपानहून आजी आली. सुप्रीम कोर्टापर्यंत प्रकरण गेलं आणि वर्षअखेर आजी नातीला घेऊन गेली. त्याच वर्षी आणंदलाच जर्मन बापाची जुळी झाली. गुजरात हायकोर्टाने म्हटलं, ही इथे जन्मली, हिला जन्म देणारी भारतीय, तेव्हा मुलं भारतीय. पण जर्मनी दार उघडेना. ती जर्मनीला पोचली २०१० मध्ये. त्याच वर्षी मुंबईत जन्मलेल्या आणखी एका जुळ्यांचा इस्रायली बाप मुंबईत अडकून बसला होता, जेरुसलेमचा न्यायाधीश डीएनए चाचणीची परवानगी देईना म्हणून.

मराठीत यावर सिनेमा लगेच आला. २०११ चा 'मला आई व्हायचंय!'. दिग्दर्शिका समृद्धी पोरे स्वतः वकील. हिंदीत त्याचा 'मिमी' झाला, दहा वर्षांनी, २०२१ मध्ये. आणि नेमकी त्याच वर्षी संसदेने फाइल बंद केली.

एकदम नाही, पायरी पायरीने. २०१२ मध्ये व्हिसाच्या नियमांतून एकटे आणि समलिंगी परदेशी बाहेर काढले. नोव्हेंबर २०१५ मध्ये सगळेच परदेशी बाहेर. २०१६ च्या विधेयकात तर फक्त जवळची नातेवाईकच सरोगेट होऊ शकेल, असं होतं. संसदेच्या निवड समितीने २०२० मध्ये ते 'स्वखुशीने तयार असलेली स्त्री' असं करायला लावलं. २५ जानेवारी २०२२ पासून कायदा लागू. पैसे देऊन सरोगसी हा गुन्हा, दहा वर्षांपर्यंत कैद. सरोगेटला मिळणार तो दवाखान्याचा खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा.

मला विचाराल तर बाजार बंद करायलाच हवा होता. गरज एकीची, गरिबी दुसरीची, आणि मधे दलाल, हे दृश्य चांगलं नव्हतं. पण बाजार बंद करता करता सरकारने आणखी बरंच काही ठरवून टाकलं. लग्न झालेलं जोडपं हवं, बायको २३ ते ५०, नवरा २६ ते ५५. एकटी बाई असेल तर विधवा किंवा घटस्फोटित, तीही ३५ ते ४५. अविवाहित बाई नाही. एकटा पुरुष नाही. लग्नाशिवाय एकत्र राहणारे नाहीत. बाजाराशी याचा काय संबंध, हे मला कळलेलं नाही. १९५६ चा कायदा अविवाहित बाईला दत्तक घेऊ देतो, २०२१ चा तिला इथे उभी करत नाही. पासष्ट वर्षांत आपण पुढे आलो की मागे गेलो?

नंतर तुकड्यातुकड्याने पॅच येत गेले. मार्च २०२३ मध्ये नियम बदलून दुसऱ्याचं बीज वापरायला बंदी केली. जिला जन्मतः गर्भाशय नाही अशा बाईच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ती अडवली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने दोघांपैकी एकाचं बीज बाहेरचं चालेल असं केलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ज्यांनी कायदा येण्याआधीच गर्भ गोठवून ठेवले होते त्यांना ही वयाची अट लावू नका. बाळंतपणाची रजा आपल्याकडे आधी कोर्टानेच दिली होती, मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०१५ मध्ये, एका अध्यापिकेला. केंद्र सरकारच्या रजेच्या नियमांत ती २०२४ मध्ये आली, १८० दिवस.

मित्राची नदी म्हणजे हडसन. तिच्या दोन्ही तीरांवरचा इतिहासही बघण्यासारखा आहे. न्यू जर्सीत १९८६ मध्ये 'बेबी एम' जन्मली. सरोगेट बाईचंच बीज होतं, आणि जन्मानंतर तिला मूल देववेना. १९८८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने करारच बेकायदा ठरवला. मूल बापाकडे ठेवलं, बाईला आई मानून भेटीचा हक्क दिला. तो धसका न्यू यॉर्कनेही घेतला आणि १९९२ मध्ये पैशाची सरोगसी बंद केली. मग तीस वर्षं दोन्ही तीरांवरचे लोक विमानाने कॅलिफोर्नियाला. न्यू जर्सीने २०१८ मध्ये कायदा केला, त्यात करार मान्य, सरोगेटचा दवाखान्याचा, वकिलाचा आणि राहण्याखाण्याचा वाजवी खर्च मान्य. पलीकडे न्यू यॉर्कमध्ये फेब्रुवारी २०२१ पासून मोबदलासुद्धा उघडपणे मान्य. इंग्लंडमध्ये आजही जन्म देणारीच कायद्याने आई. नाव बदलायला सहा आठवड्यांनंतर कोर्टाची ऑर्डर लागते. आणि इटलीने ऑक्टोबर २०२४ मध्ये तर परदेशात जाऊन केलं तरी गुन्हा, असं करून टाकलं. म्हणजे रेषा आता गावात नाही, घरातही नाही, माणसाच्या पासपोर्टला चिकटली.

हे सगळं मी मित्राला पुढच्या रविवारी सांगितलं. अमेरिकेत लाख डॉलरच्या पुढे हिशेब जातो, तो त्याने आधीच करून ठेवला होता. इथे दोघंही अजून भारतीय नागरिक, त्यामुळे दार बंद नाही. पण कागद असे: जिल्हा वैद्यकीय मंडळाकडून वैद्यकीय गरजेचा दाखला, म्हणजे अलिबाग. मग मूल कोणाचं आणि ताबा कोणाकडे याबद्दल पहिल्या वर्गाच्या किंवा वरच्या मॅजिस्ट्रेटची ऑर्डर, तीच पुढे जन्मदाखल्याचा आधार. १८४० मध्ये ज्या अलिबागचा वारस दूर कलकत्त्यात बसून ठरला, तिथेच आता पेणची मुलगी वडखळ, पोयनाड करत एष्टीने जाणार, आपल्याला गर्भपिशवी नाही हे सिद्ध करायला. मी त्याला हे म्हटलं नाही. फोनवर असलं काही बोलवत नाही.

वहिनीने मात्र एकच प्रश्न विचारला होता, तो त्याने मला जसाच्या तसा सांगितला. "पोटात मी वाढवणार, मग दाखल्यावर माझं नाव कुठं?" मी म्हटलं, इंग्लंडमध्ये पहिल्या दिवशी तुझ्या वहिनीचंच नाव. न्यू जर्सीत आणि आपल्याकडे कुठेच नाही, आपल्याकडे तर मॅजिस्ट्रेटच्या ऑर्डरप्रमाणे थेट तुम्हा दोघांचं. जुन्या काळी दत्तक देतानासुद्धा देणारा बाप असायचा, आईची संमती कोणी विचारत नसे. १९५६ पासून विचारतात. वहिनीला हे पोचवल्यावर ती म्हणे हसली आणि म्हणाली, "काकू म्हणेल ना? मग झालं."

अडचण दुसरीच निघाली. सरोगेटचं वय २५ ते ३५ हवं, तेही गर्भ ठेवतात त्या दिवशी. वहिनीचा जन्म दिवाळीनंतरचा, कार्तिकातला. पण शाळेत घालताना गुरुजींनी सगळ्या वर्गाची घातली तशी तिचीही जन्मतारीख १ जून घातली. (तुमच्या आईवडिलांचे दाखले काढून बघा, निम्म्यांचा वाढदिवस १ जूनलाच निघेल.) त्या १ जूनप्रमाणे तिची पस्तिशी केव्हाच उलटली. कार्तिकाप्रमाणे अजून चार महिने आहेत, आणि त्या चार महिन्यांत मंडळ, मॅजिस्ट्रेट, विमा, दवाखाना सगळं बसवायचं. आधार, पॅन, रेशनकार्ड, सगळीकडे १ जून.

मग तिचा नवरा, म्हणजे मित्राचा दादा, तिच्या माहेरच्या ग्रामपंचायतीत गेला. जन्ममृत्यूचं जुनं रजिस्टर काढायला लावलं. ग्रामसेवकाने दोन तास शोधलं आणि ओळ सापडली. मित्राने मला त्याचा फोटो पाठवलाय. निळी शाई, पाण्याने थोडी पसरलेली. तारीख नोव्हेंबरची, स्पष्ट. बापाचं नाव आहे, आईचं आहे, गाव आहे. लिंग: स्त्री. बाळाच्या नावाचा रकाना कोरा. तेव्हा बारसं व्हायचं होतं, नंतर कोणी येऊन नाव घातलंच नाही.

आता ती कोरी ओळ म्हणजे हीच बाई, याचं प्रतिज्ञापत्र करायला दोघं सोमवारी तालुक्याला जाणार आहेत.